काकासाहेबांचा कलप

'प्रभात' म्हटलं की शांताराम, दामले, फत्तेलाल आठवतात, फार तर शांता आपटे. केशवराव दाते पटकन कुणाला आठवत नाहीत. खरं तर हा माणूस मूळचा नाटकातला. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' केलं, त्यातही ते होते. पुढे 'अमृतमंथन' (१९३४) मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. राजगुरू मराठीत दात्यांनी केला, हिंदीत चंद्रमोहनने. चंद्रमोहनच्या डोळ्यांची चर्चा देशभर झाली, दाते मराठीपुरते राहिले. चरित्र अभिनेत्याच्या वाट्याला बहुधा हेच येतं.

पण 'कुंकू' (१९३७) पाहा मंडळी! यूट्यूबवर मी परवा पुन्हा पाहिला. काकासाहेब वकील, म्हातारे विधुर, आणि कोवळ्या नीराशी फसवून लावलेलं लग्न. या माणसाचा राग यायलाच हवा, आणि येतोही. तरी आरशासमोर पांढरे केस लपवायची त्यांची धडपड चालू असते तेव्हा हसू अर्ध्यावरच थांबतं. शांतारामांनी या सिनेमात पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. घड्याळाचे ठोके, दार, पावलं, बस्स. म्हणजे नटाला लपायला जागाच नाही. नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारा हा माणूस इथे ओठ मिटून बसतो आणि सगळं कळतं.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो आर्वीला, दूरदर्शनवर, आजीच्या शेजारी बसून. आजी बिजवराला दिलेली. लग्नात ती सोळाची, आजोबा बेचाळीसचे. घरात हा विषय कुणी काढायचं नाही असा अलिखित नियम. (आमच्या घरात असे नियम बरेच होते!) कलपाचा प्रसंग आला तशी आजी पदर तोंडाला लावून हसली. "तुह्या आजाबी लावे कलप. उशीची खोळ काळी होऊन जाये. धुवाले मीच."

शेवटी काकासाहेब नीराला मुलगी मानतात, दुसरं लग्न कर असं सांगून जीव देतात. मला रडू आलं. आजी म्हणाली, "मरून काय भलं केलं त्यानं? तिले इचारलं का?"

मला वाटतं, दात्यांच्या कामाचा हा खरा कस. वाईट माणूस चांगला ठरवला नाही त्यांनी. आजीच्या मनातला राग तसाच राहू दिला, आणि तरी तिला हसू फुटू दिलं. १९४१च्या 'शेजारी'त त्यांनी जिवबा पाटील केला, गजानन जागीरदारांच्या मिर्झाचा जिवलग मित्र. 'झनक झनक पायल बाजे'त (१९५५) कडक गुरू. चांगलीच कामं आहेत ती, पण माझ्यासाठी दाते म्हणजे काकासाहेबच. असो.

त्या रात्री झोपताना मी आजीला विचारलं, आजोबा कसे होते गं? बराच वेळ तिला झोप लागली असं वाटलं. मग अंधारातून आवाज आला, "नवरा म्हणून? का माणूस म्हणून?"

मी म्हटलं, दोन्ही.

"माणूस बरा होता," आजी म्हणाली, आणि कूस बदलली.