इंद्रायणीत सोडलेली खतं

१५ जून २०२५, रविवार. इंदोरीजवळच्या कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसकट नदीत कोसळला. चार जण गेले, कितीतरी जखमी झाले. तीन दिवसांनी, बुधवारी, त्याच नदीच्या खालच्या अंगाला देहूतून तुकोबांची पालखी निघाली. मी तिथं होते. माझ्यापुढच्या एक बाई घाटाच्या पायऱ्या उतरल्या, वाकल्या आणि ओंजळभर गढूळ पाणी त्यांनी डोळ्यांना लावलं. ह्याच पाण्यानं माणसं नेली हे त्यांना ठाऊक नसेल असं नाही. मला मात्र ओंजळ भरवेना.

जीर्ण पुलाचा हिशेब देवाच्या माथी मारू नये. तो माणसांनी माणसांना द्यायचा असतो. हे मला पटतं. पण पाण्याजवळ हात कचरला, तेव्हा ही समजूत कामी आली नाही.

पुढच्या रविवारी भंडारा डोंगर चढले. पायऱ्यांवरून पाणी उतरत होतं, कातळाला हिरवं शेवाळ धरलं होतं. वरून इंद्रायणी दिसते. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावलेली, कार्ल्याच्या खोऱ्यातून, कामशेतवरून आलेली. दोन्ही अंगांना भाताची खाचरं. ह्याच डोंगरावर तुकोबा एकांताला येत.

ते काय गमावून विठ्ठलाकडे वळले होते, हे आपण टाळांच्या गजरात विसरतो. १६३० च्या सुमारास दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. जनावरं गेली, व्यापार बुडाला, पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. वय जेमतेम बावीस. घराण्याकडे महाजनकी होती, सावकारी होती. लोकांनी लिहून दिलेली कर्जखतं घरात होती. दुष्काळानं कंबर मोडलेल्या माणसाला खरं तर तीच काय ती उरलेली पुंजी. तुकोबांनी धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली. पडझड झालेलं विठ्ठलाचं देऊळही त्यांनी दुरुस्त केलं.

मी इथंच थबकते. सगळं गेल्यावर माणूस उरलेलं घट्ट धरतो. ह्या माणसानं उरलेलं सोडलं, आणि सोडलं ते काय, तर दुसऱ्यांच्या मानेवरचं ओझं. ती खतं ज्यांची होती, तेही त्याच दुष्काळातून निघाले होते. देवाला शरण जाणं म्हणजे डोंगरावर जाऊन डोळे मिटणं, एवढंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.

पुढं त्याच नदीत त्यांच्या अभंगांच्या वह्या बुडवल्या गेल्या. तेरा दिवस ते काठावर अन्नपाण्यावाचून बसले आणि वह्या वर आल्या, असं परंपरा सांगते. आपण ह्याच चमत्काराची आठवण ठेवतो. खतं मात्र वर आली नाहीत, आणि ती यावीत म्हणून कुणी काठावर बसलं नाही.

डोंगर उतरताना आजी आठवली. माळकरी, संध्याकाळी हरिपाठ म्हणणारी. २००५ च्या जुलैत पाऊस असा कोसळला की ओढ्याकाठचे बांध फुटले. शेजारच्यांची नुकती लावलेली खाचरं गाळाखाली गेली. आमचं शेत उंचावर, ते वाचलं. आमच्याही एका खाचराचा बांध खचला होता, पण तरव्यात रोपं शिल्लक होती. इंद्रायणी भाताची, आमच्याच वडगावच्या संशोधन केंद्रात निघालेल्या वाणाची. आजी रात्रभर जागी होती. पाऊस वाढला की तिच्या तोंडून 'पांडुरंगा' एवढंच येई. ती हाक होती की तक्रार, मला तेव्हा कळलं नाही, आजही सांगता येत नाही.

उजाडल्यावर शेजारच्या काकू दारात आल्या. बोलल्या काहीच नाहीत. आजीनं डोक्यावर इरलं घेतलं आणि त्यांना तरव्याकडे नेलं. दोघी गुडघाभर चिखलात वाकून रोपं उपटू लागल्या. मुळांचा चिखल पाण्यात खळखळून धुवायचा, मूठ झाली की पातीनं जुडी बांधायची, बांधावर ठेवायची. मी शाळकरी, हिशेबी. वही आणली आणि जुड्या मोजायला बसले.

आजीनं मान वर न करता विचारलं, "काय लिवतीस?"

"किती दिल्या ते. परत घेताना लागंल."

"ठेव ती वही. पावसात भिजंल."

वही मी परकराच्या ओच्यात लपवली. काकूंनी पाटी डोक्यावर घेतली. जुड्यांतून गळणारं पाणी त्यांच्या कानामागून, मानेवरून ओघळत होतं आणि त्या बांधावरून हळूहळू, एकेक पाऊल चाचपत, आपल्या खाचराकडे निघाल्या होत्या. आजी पुन्हा वाकली होती. आमच्या खचलेल्या खाचरापुरती रोपं उरतील का, हे तिनं एकदाही पाहिलं नाही.