पेव, जातं आणि हॅम्पशरची खपली

लंडनहून पोर्ट्समथकडे जाणारा ए-थ्री रस्ता पीटर्सफील्ड मागे टाकून साउथ डाउन्सच्या टेकड्यांत शिरला, की उजव्या हाताला बटसर हिल दिसते. डावीकडे चाल्टन गावाचा फाटा आहे. खाली पांढऱ्या खडूचा दगड आणि वर हिरवळ, असा हा हॅम्पशरचा मुलूख. त्या फाट्यानं आत गेलं, की एका उतारावर गवतानं शाकारलेली गोल घरं दिसायला लागतात. बाजूला कुडाचं कुंपण, चार शिंगांच्या मेंढ्या आणि गव्हाचे छोटे वाफे. आपल्याकडच्या माणसाला क्षणभर वाटावं की एखाद्या वाडीवर आलो. पण ही वाडी कुणाची राहती नाही. ही आहे बटसर एन्शंट फार्म, नावाला शेत आणि खरं तर प्रयोगशाळा.

१९७२ साली पीटर रेनॉल्ड्स नावाच्या संशोधकानं ती सुरू केली. उत्खननात सापडतं काय? खांब रोवल्याचे गोल डाग, जळके दाणे, खापरं, खड्डे. त्यावरून घर कसं उभं होतं आणि शेत किती पिकत होतं, याचे अंदाज बांधले जातात. रेनॉल्ड्सचं म्हणणं साधं होतं: अंदाज बांधलात ना, मग आता घर बांधून बघा. त्याच अवजारांनी, त्याच मालानं बांधा, वर्षानुवर्षं वापरा आणि काय होतं ते लिहून ठेवा. २००१ मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर ते हेच करत होते. १९९१ पासून हे केंद्र चाल्टनच्या आताच्या जागेवर आहे. इथे अश्मयुगापासून सॅक्सन काळापर्यंतची घरं, शिवाय एक रोमन व्हिलाही उभा आहे.

वर्षभर इथे लोकांसाठी कार्यक्रम चालू असतात. सगळ्यात गाजलेला म्हणजे मे महिन्याच्या सुरुवातीचा बेल्टेन. उन्हाळ्याच्या स्वागताचा हा जुना केल्टिक सण. दिवसभर गाणी, गोष्टी, लोहारकाम, सूतकताई आणि अंधार पडताना वेताकाठ्यांनी विणलेला भलामोठा पुतळा पेटवतात. एका वर्षी आम्ही गेलो होतो. ज्वाळा वर चढल्या तशी आमच्या शेजारची इंग्रज मंडळी गप्प झाली आणि आमच्या मुलानं मात्र होळीतल्यासारखी जोरात बोंब मारली. दोन-चार जणांनी वळून पाहिलं आणि मग त्यांच्या पोरांनीही मारली!

गंमत अशी, की या पुतळ्याला उत्खननातला पुरावा नाही. ज्युलियस सीझर आणि इतर काही प्राचीन लेखकांनी, गॉल लोक असे पुतळे जाळतात असं लिहून ठेवलंय, म्हणजे साक्ष आहे ती परक्याची, सीझरच्या बाबतीत तर शत्रूची. म्हणून रात्रीचा बटसर हा उत्सव आहे असं मी मानते. खरा बटसर बघायचा तो दिवसा.

तो पाहायला जुलै चांगला. कौन्सिल फॉर ब्रिटिश आर्किऑलॉजी ही १९४४ साली स्थापन झालेली संस्था दर जुलैत देशभर पुरातत्त्व महोत्सव भरवते. ठिकठिकाणी उत्खननं लोकांना दाखवतात आणि गारगोटी फोडून हत्यारं करणं, काड्यापेटीशिवाय विस्तव पाडणं, कांसं ओतणं, चातीवर लोकर कातणं असली जुनी कसबं करून दाखवतात, करायलाही देतात. यंदा त्याच दिवसांत आम्ही बटसरला गेलो ते सासूबाईंना घेऊन. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. माहेर मंगळवेढ्याकडचं, सासर सांगलीचं. इंग्रजी कामापुरतं. मी आणि मुलगा दुभाषे.

पहिलं गोल घर लोहयुगातलं, म्हणजे रोमन लोक यायच्या आधीचं, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या धर्तीवर बांधलेलं. हेझलच्या काठ्या विणून केलेली भिंत, तिला माती, शेण आणि गवताच्या काडीचा गिलावा. सासूबाईंनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "कूड आहे की हा. आपल्याकडं कारवीचा करतात, यांनी दुसऱ्या कशाचा तरी केलाय." आत चूल पेटलेली होती आणि छताला धुराडं नव्हतं. धूर वर साचून शाकारातून हळूहळू झिरपत बाहेर जातो. आधी चित्रकार अशा घरांना माथ्यावर भोक दाखवत. प्रत्यक्ष बांधल्यावर कळलं, की भोक ठेवलं तर हवा ओढली जाते, ठिणग्या वर उडतात आणि घर पेटायची भीती. शिवाय धुरानं शाकारातले किडे मरतात. हे मुलाला समजावून सांगत होते तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "मग यांची बियाण्याची कणसं कुठायत? चुलीवर टांगत नाहीत होय?"

बाहेर वाफ्यात गहू उभा होता. पाटीवर नाव एमर. त्यांनी एक ओंबी बोटांत धरली, कुसळांवरून हात फिरवला. "खपली आहे गं ही."

अगदी बरोबर होतं ते. शास्त्रीय नाव ट्रिटिकम डायकोकम, इंग्रजी नाव एमर आणि सांगली-साताऱ्याकडे खपली. लोहयुगात दक्षिण इंग्लंडचं पोट भरत होतं ते एमर आणि स्पेल्ट या दोन गव्हांवर आणि बार्लीवर. पुढे साधा गहू आला आणि हे गहू मागे पडले. रेनॉल्ड्सनी ते वर्षानुवर्षं इथे पेरून उताऱ्याच्या नोंदी ठेवल्या आणि पीक विद्वानांच्या अपेक्षेहून बरंच जास्त येतं असं दाखवून दिलं. हे सगळं त्यांना जवळजवळ शून्यापासून करावं लागलं, कारण विचारायला इथे कुणी शिल्लक नव्हतं. खपलीचं तूस मळणीत सुटत नाही, दाणा कांडून मोकळा करावा लागतो, ही गोष्ट सासूबाईंना कुठल्या ग्रंथात वाचावी लागली नव्हती. खपलीची खीर त्या आजही करतात.

पुढे जात्याचा मांडव. गोल दगडी जातं, मुलं रांगेत. सासूबाईंनी मूठभर दाणे घातले, दोन-चार वेढे फिरवले आणि थांबल्या. "नुसतं गुळगुळीत झालंय. ह्याला टाकी लावलेली नाही." मी हे तिथल्या स्वयंसेवकाला सांगितलं. दगड वापरून झिजला की छिन्नीनं पुन्हा खडबडीत करावा लागतो, आमच्याकडे 'टाकी लावायची का' असं ओरडत माणसं दारोदार यायची, वगैरे. तो हसून म्हणाला, खरं आहे, शेकडो पोरं फिरवतात, वेळच मिळत नाही. मग त्यानं खिशातून वही काढली. टाकी किती दिवसांनी लावायचे? रोज किती दळायचे? एकटी बाई की दोघी? सासूबाई मांडी घालून बसल्याच.

खरी गोष्ट पुढेच होती. लोहयुगातल्या वस्त्यांवर खडूच्या दगडात खणलेले खोल खड्डे सापडतात. इथून फार लांब नसलेल्या डेनबरीच्या टेकडीवर बॅरी कन्लिफ यांनी १९६९ पासून वीस वर्षं उत्खनन केलं, तिथे असे हजारो. एके काळी विद्वानांना वाटे, लोक या खड्ड्यांत राहत असत! मग ती धान्याची कोठारं असावीत असा तर्क निघाला. पण ओल्या इंग्लंडात जमिनीत पुरलेलं धान्य टिकेल कसं? रेनॉल्ड्सनी खड्डे खणले, भरले, मातीनं तोंड लिंपलं आणि हिवाळा जाऊ दिला. झालं असं, की भिंतीलगतचे आणि तोंडाजवळचे दाणे ओलीनं उगवू लागले, त्यांनी आतला प्राणवायू संपवला आणि कार्बन डायऑक्साइड सोडला. हवा संपली तशी उगवणही थांबली, किडीचंही काही चालेना. कडेचा पातळ थर वाया गेला, बाकीचं धान्य निद्रिस्त राहिलं. वसंतात काढून पेरलं तर उगवलंही. फक्त तोंड पक्कं बंद हवं.

हे भाषांतर करताना मी "खड्डा, खड्डा" म्हणत होते. सासूबाईंनी मला मध्येच तोडलं. "पेव म्हण की सरळ."

पेव! 'शिकवणी वर्गांना पेव फुटलं' असं मराठी वर्तमानपत्रात आपण सगळेच वाचतो. पण पेव फुटतं म्हणजे काय फुटतं, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय? त्यांनी पाहिलंय. माहेरच्या वाड्यापुढे ज्वारीचं पेव होतं. अरुंद तोंड, आत रांजणासारखं पोट. कडेनं कडबा लावून ज्वारी ओतायची, वर कडबा आणि माती. उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. आधी पेटता कंदील दोरीनं सोडायचा, विझला तर थांबायचं. घाई केलेली माणसं आत गुदमरून गेल्याच्या गोष्टी त्यांनी लहानपणी ऐकल्या होत्या. कडेची ज्वारी काळी पडलेली असे, ती गुरांना जाई.

रेनॉल्ड्सनी उपकरणं लावून मोजलेला वायू आणि मंगळवेढ्याचा विझणारा कंदील ही एकच गोष्ट होती. स्वयंसेवक भराभर लिहीत होता. मग त्यानं विचारलं, आतली चांगली ज्वारी, तिची चव? "भाकरीला पेवाचा वास यायचा," सासूबाई म्हणाल्या. "आंबूस. पोरांना नको वाटायचा, म्हाताऱ्यांना त्याशिवाय भाकरी गोड लागायची नाही." ही माहिती कुठल्याही उत्खननात सापडणारी नव्हती.

अशा वेळी आपली छाती फुगते. यांना जे खणून काढावं लागतं ते आमच्या घरात आहे! पण नीट पाहिलं तर ते आता 'होतं'च आहे. पेवं गोदामांनी संपवली. सांगलीजवळ हरिपूरला हळदीच्या पेवांचं मोठं ठाणं होतं, कृष्णेच्या पुरांनी त्यांची फार हानी केली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती पेवात उतरवणारे हात कमीच होत गेले. आणि हळहळ तरी किती करायची? परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "जात्यावरचं पीठ किती छान असेल ना, आई?" त्या म्हणाल्या, "पहाटे चारला उठून दळ म्हणजे कळेल. गावात गिरणी आली त्या दिवशी माझ्या आईनं देवापुढं साखर ठेवली होती."

म्हणजे ती कामं परत यावीत असं त्यांनाही वाटत नाही, मलाही नाही. जायचं ते जाईल. प्रश्न आहे तो नोंदीचा, कारण काम थांबल्यावर त्याचं ज्ञान आणखी एकच पिढी टिकतं.

आपल्याकडे ही नोंद कुणी केलीच नाही असंही नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव इथे डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ असं प्रदीर्घ उत्खनन केलं. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची शंभराहून अधिक घरं तिथे उजेडात आली. आधीची चौकोनी, नंतरच्या हलाखीच्या काळातली गोल. कुडाच्या भिंती होत्या आणि धान्याच्या बळदाही. ढवळीकरांचं 'महाराष्ट्राची कुळकथा' हे पुस्तक इथल्या मुलांच्या आईबापांनी तरी जरूर वाचावं. आणि हेमा राईरकर व गी पॉतवँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकायला मिळतात. जातं थांबलं, पण त्याच्यावर गायलेलं राहिलं, कारण कुणीतरी वेळेवर जाऊन बसलं.

पुढच्या जुलैत मुलांना घेऊन बटसरला किंवा तुमच्या जवळच्या पुरातत्त्व महोत्सवाला नक्की जा. अमेरिकेतल्या नातेवाइकांसाठी ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी आंतरराष्ट्रीय पुरातत्त्व दिन असतो. जमलं तर भारतातून आलेल्या आजी-आजोबांना बरोबर न्या, कारण हातात वस्तू आली की त्यांना आठवतं. आणि त्या स्वयंसेवकाची रीत उचला. 'तुमच्या वेळी कसं होतं' असं विचारलं तर उत्तर मिळतं, 'छान होतं'. किती शेर, किती दिवस, कुणी शिकवलं, बिघडलं तर काय करायचे, असं विचारलं तर दोन तास मिळतात. फोन समोर ठेवून ध्वनिमुद्रण करा.

सासूबाईंचं आमचं मुद्रण दिवाळीपर्यंत सहा तासांचं झालंय, त्यात अर्धा तास नुसतं शेणानं सारवण्यावर आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळात जातं मांडायचं ठरलंय. लेस्टरच्या एका कुटुंबानं भारतातून आणलेलं आहे, ते देतायत. टाकी लावणारं कुणी अजून मिळालेलं नाही.