पिकअपचे धक्के

आमची फोर बाय फोर पिकअप जुनी. ओल्या काळ्या रानातून कांदा बाहेर काढायला तिच्याशिवाय भागत नाही, पण रिकामी असली की नुसती उडते. सौ.ला मणक्याचा त्रास. तिनं गाडीत बसणंच सोडलं, रानात दोन किलोमीटर चालत यायची.

मिस्त्री म्हणाला, मागचा एक पाटा काढून टाकू. मी नको म्हणालो. बाजाराच्या दिवशी वजन कोण उचलणार?

आधी हवा बघितली. मागच्या टायरात बारा महिने भरल्या गाडीची ५५ हवा! रिकामीला ३५ केली, निम्मे धक्के तिथंच गेले. (तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकात बघा. अन् माल भरायच्या आधी हवा परत वाढवा, नाहीतर टायर तापून फुटतो.)

मग पाटे सोडले. मधे गंज अन् चिखल, एकावर एक सरकतच नव्हते. घासून ग्रीस लावलं, झिजलेले रबरी बुश बदलले. शॉकअप तेल गळत होते, तेही नवे टाकले.

काल सौ. गाडीतून रानात आली. "धक्का बसतोय, पण कंबरेत शिरत नाही," म्हणाली.

पुढचे पाटे राहिलेत. कांदा गेला की उघडतो.