आखूड दांडी

मुलाच्या सातव्या वाढदिवसाला मी लेगोचा ट्रक आणला. मागे ओढून सोडला की पुढे पळणारा, पण आधी आपल्या हातांनी जोडायचा. ‘ग्रेव्ह डिगर’ नावाचा काळा-हिरवा मॉन्स्टर ट्रक, 2021 साली बाजारात आलेला, 212 तुकड्यांचा. खोक्यावर लिहिलं होतं, वय 7 आणि पुढे. म्हणजे सात वर्षांचं मूल हे एकट्यानं जोडू शकतं. मी ते वाचलं आणि तरीही त्याच्या शेजारी मांडी घालून बसलो.

भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये मी सुपरवायझर आहे. सतरा वर्षं पत्र्याचे जॉब, डाय आणि मापं यांत गेली. चार तुकडे जोडायला मला कोणी शिकवायला नको, असं मनात पक्कं होतं.

सोबतच्या पुस्तिकेत वाचायला काही नसतं, सगळं चित्रांतच. दांड्यांची चित्रं मात्र खऱ्या मापाची छापलेली असतात. हातातली दांडी चित्रावर आडवी ठेवायची, टोकाला टोक जुळलं की तीच घ्यायची. मुलाला हे कोणी सांगितलं नव्हतं, त्यानं आपलं आपण शोधलं. दांडी ठेवायचा, मान वाकडी करून बघायचा, उचलायचा, दुसरी ठेवायचा. एकेका दांडीला अर्धं मिनिट लागत होतं. ते अर्धं मिनिट मला काढवेना. पुढच्या चाकांच्या वेळी मी ढिगातून एक दांडी उचलली आणि सरळ घातली. तो म्हणाला, “बाबा, मोजू दे ना.” मी म्हणालो, “मला नजरेनं कळतं.”

लेगोत एक घर म्हणजे 8 मिलीमीटर. 1958 साली डेन्मार्कमध्ये त्या विटेचं पेटंट नोंदवलं गेलं, तेव्हापासून ते अंतर तसंच आहे, म्हणून तेव्हाची वीट आजच्या विटेवर बसते. मी घातलेली दांडी एक घर आखूड होती. आमच्याकडे अर्ध्या मिलीमीटरला जॉब रिजेक्ट होतो.

ट्रक तयार झाला. त्यानं मागे ओढला, सोडला. दोन फुटांवर ट्रक डावीकडे वळला आणि थांबला. पुन्हा तेच. आजी, आई, शेजारची दोन मुलं, सगळे बघत होते. मी म्हणालो, “तू चाक वाकडं दाबलंस.” चाक त्यानंच दाबलं होतं हे खरं. दांडी पुरत नव्हती, म्हणून ते आत दाबावं लागलं होतं, आणि आत गेल्यामुळे टायर सांगाड्याला घासत होता. त्यानं ट्रक उलटा धरून चाकाकडे पाहिलं. बोलला काहीच नाही.

रात्री तो झोपल्यावर मी ट्रक खोलला. मागच्या बाजूला एक दांडी भोकातून बरोबर एक घर बाहेर आलेली दिसली आणि लख्ख कळलं. तिची जागा पुढे होती आणि पुढचीची जागा तिथे. अदलाबदल मी केली होती. दहा मिनिटांत दांड्या बदलल्या. मग फरशीवर ओढून सोडला, तर ट्रक स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत सरळ गेला. सकाळी त्याला म्हणालो, “बघ, केला नीट.”

शॉपमध्ये जॉब बिघडला की लाल टॅग लावतो. त्यावर काय बिघडलं, कोणाच्या हातून, कशामुळे, हे लिहावं लागतं. टॅग न लावता कोणी गुपचूप रिवर्क केलं तर मी त्याला उभं करून विचारतो. घरी मी नेमकं तेच केलं.

त्यानंतर तो प्रत्येक गोष्ट माझ्याकडे आणायला लागला. त्याच तुकड्यांतून बगीसारखी दुसरी गाडीही होते, ती जोडायला बसला तेव्हा दर दुसऱ्या तुकड्याला “बाबा, बरोबर आहे ना?” पुस्तिका समोर उघडी, चित्रं त्याच्या डोळ्यांसमोर, आणि तो बघायचा माझ्याकडे. आधीचं ते अर्ध्या मिनिटाचं मोजणं बंद झालं होतं. आईनं हे माझ्याआधी ओळखलं. म्हणाली, “याला काय झालंय? आधी असा नव्हता.” मला माहीत होतं. मी गप्प राहिलो.

दुसरी चूक त्याच आठवड्यातली. ट्रक पळतो कसा, असं त्यानं विचारलं. लहानपणी जत्रेतून आणलेली पत्र्याची गाडी माझ्या डोळ्यांसमोर होती. ती जमिनीवर चार वेळा पुढे घासायची आणि सोडायची. तिच्यात जड चाक असतं, ते गरगर फिरतं आणि गाडीला ओढत नेतं. पॉवर प्रेसचं फ्लायव्हील तर मी रोज बघतो. मी ठोकून दिलं, “आत एक जड चाक आहे, ते फिरत राहतं.” त्यानं शाळेत मित्रांना तेच सांगितलं.

एका संध्याकाळी त्यानं ट्रक मागे ओढला आणि तेवढ्यात मामाचा फोन आला. डाव्या हातानं ट्रक दाबून धरून तो तीन-चार मिनिटं बोलला. फोन ठेवला, हात काढला, ट्रक पळाला. तो तिथेच बसून राहिला. मग म्हणाला, “बाबा, चाक फिरत असतं तर एवढ्या वेळात थांबलं असतं ना? मी तर धरून ठेवला होता.”

मोडलेली एक स्वस्तातली पुल-बॅक गाडी खणात पडली होती. छोट्या पेचकसानं ती उघडली. आत जड चाक नव्हतंच. किल्लीच्या घड्याळात असते तशी गुंडाळलेली पातळ स्प्रिंग होती, उघडताच टणकन उडाली. शिवाय एक दात्यांचं चाक जागच्या जागी सरकणारं. गाडी मागे ओढली की ते एका बाजूला सरकून स्प्रिंग आवळतं, सोडली की दुसऱ्या बाजूला सरकून वेगळ्या गुणोत्तरानं चाकं फिरवतं. म्हणून हातभर ओढलेली गाडी खोलीभर जाते. स्प्रिंग पूर्ण सुटली की चाकं मोकळी होतात आणि राहिलेल्या वेगावर गाडी घरंगळते. हे त्यानं बोटानं चाक मागेपुढे सरकवून मला दाखवलं. मी म्हणालो, “मी तुला चुकीचं सांगितलं होतं.”

तो म्हणाला, “हां.” एवढंच. मी ज्याची भीती बाळगून होतो ते इतकं साधं निघालं, आणि त्याच सुरात मी पुढचंही बोलून टाकलं. “वाढदिवसाचं चाकही तुझ्यामुळे घासत नव्हतं. दांडी मी आखूड घातली होती. रात्री मीच बदलली.”

यावर तो पटकन काही बोलला नाही. पेचकस खाली ठेवला. “मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“सगळे बघत होते,” मी म्हणालो. “मला लाज वाटली.”

“मलापण सगळे बघत होते,” तो म्हणाला.

मला पुढे बोलता आलं नाही. तो उठून आत गेला. आता रुसून बसेल असं वाटलं. तो ट्रक आणि पुस्तिका घेऊन आला. पुढच्या चाकांचं पान काढलं, चाक उपसलं, दांडी बाहेर ओढून चित्रावर ठेवली. टोकाला टोक जुळत होतं. मग मागची आखूड दांडी काढून ती पुढे घातली, चाक दाबलं आणि ट्रक ओढून सोडला. दोन फुटांवर डावीकडे वळून ट्रक थांबला.

“हो, घासतंय,” तो म्हणाला, आणि लांब दांडी परत घालायला बसला. त्याआधी त्यानं ती पुन्हा एकदा चित्रावर ठेवून पाहिली.