नाकावर विसंबू नये

घरच्या गॅरेजमध्ये गाडी रंगवताना नाकावर विसंबणं हीच मोठी चूक, असं वाटतं. टू-के, म्हणजे दोन घटक मिसळून वापरायच्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांचा वास येईपर्यंत सुरक्षित मर्यादा ओलांडलेली असते, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की अत्यल्प संपर्कानेही दमा उसळू शकतो. मास्क आहे ना? साधा मास्क वाफ अडवत नाही, कोळशाचं फिल्टर संपल्याचंही वासाने कळत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटाच हवा. पंखा लावला तर? थिनरची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते. साध्या पंख्याची ठिणगीही तिला पेटवायला पुरते. म्हणून घासकाम, पुट्टी, मास्किंग घरी करावं. फवारणी मात्र बूथ असलेल्या रंगाऱ्याकडे सोपवावी. वेळखाऊ तयारी आपणच केल्याने मजुरीही वाचते.