प्लायवूडचं आर्गोस्तोली

ग्रीसमधल्या पात्रासहून निघालेली फेरीबोट केफालोनिया बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, सामीच्या धक्क्याला लागते. समोर पाण्यापलीकडे इथाका, मागे डोंगर आणि धक्क्यालगत काँक्रीटच्या इमारतींची साधीसुधी ओळ. २००० साली या ओळीपुढे परांच्या बांधल्या गेल्या. पाहता पाहता काँक्रीट झाकलं गेलं आणि त्याच्या जागी उंच खिडक्या, लाकडी झडपा, लोखंडी नक्षीचे सज्जे उभे राहिले. जॉन मॅडन यांच्या 'कॅप्टन कोरेलीज् मँडोलिन' या चित्रपटाचा सेट लागत होता. कला दिग्दर्शक होते जिम क्ले. त्यांना उभं करायचं होतं आर्गोस्तोली, याच बेटाची राजधानी, तीही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली.

खरं आर्गोस्तोली डोंगर ओलांडला की पलीकडे आहे. पण चित्रपटाला हवं होतं ते आर्गोस्तोली आता आर्गोस्तोलीतही उरलेलं नाही.

ऑगस्ट १९५३ मध्ये चार दिवसांत या भागाला लागोपाठ मोठे धक्के बसले. १२ तारखेचा धक्का सर्वांत मोठा, सुमारे ७.२ तीव्रतेचा. बेटाचा काही भाग सुमारे ६० सेंटिमीटर वर उचलला गेला. केफालोनिया, झाकिंथोस आणि इथाका या तिन्ही बेटांवरची बहुतेक घरं पडली, शेकडो माणसं दगावली. केफालोनियाच्या उत्तर टोकाचं फिस्कार्दो तेवढं बचावलं. व्हेनिसची सत्ता इथे १५०० पासून १७९७ पर्यंत होती. त्या काळाचा ठसा असलेली घरं, चर्चचे मनोरे, बंदरावरचे वाडे, सगळं मातीला मिळालं. हजारो लोक अथेन्सला, अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला निघून गेले. जे राहिले त्यांनी काँक्रीटची घरं बांधली.

म्हणून सामीतल्या त्या सेटकडे निव्वळ चित्रपटवाल्यांचा थाट म्हणून बघता येत नाही. २००० साली साठीत असलेल्या माणसानं भूकंप तेराव्या वर्षी पाहिलेला. त्याआधीचं शहर त्याच्या पायांना माहीत होतं. त्यानंतर ४७ वर्षं ते कुणालाच दिसलं नव्हतं, आणि आता परक्या देशातून आलेले सुतार ते उभं करत होते. सज्जाची उंची किती, झडपांचा रंग कोणता, दारावरची कमान कशी, असे बारीकसारीक प्रश्न घेऊन कुणीतरी या गेलेल्या शहराच्या मागे लागलं होतं. ही गोष्ट मोलाची आहे, मग त्यामागचं कारण पडद्यावरची प्रेमकथा का असेना.

सेटची भिंत जवळून बघण्यासारखी असते. मागच्या बाजूला लाकडी चौकटी, तिरके टेकू, वाऱ्यानं सगळं उलथू नये म्हणून पायाशी टाकलेली वजनं. पुढच्या बाजूला प्लायवूड आणि त्यावर प्लास्टर. कोपऱ्याचा घडीव दगड खऱ्या दगडाचा साचा घेऊन ओतलेला असतो, त्यामुळे छिन्नीचे घावसुद्धा जसेच्या तसे उमटतात. बोटानं टकटक केली की आवाज मात्र पोकळ येतो. मग रंगारी येतात. त्यांचं काम नव्याला जुनं करण्याचं. आधी पिवळसर किंवा विटकरी मूळ रंग, त्यावर मळकट रंगाचा पातळ हात, तोही ओल्या फडक्यानं अर्धा पुसून टाकलेला. पन्हळीखाली हिरवट ओघळ, बिजागरीखाली गंजाचा डाग, येणाऱ्याजाणाऱ्याचा खांदा घासेल तिथे थोडी झीज. गंज कुठून ओघळतो हे ज्यानं नीट पाहिलेलं नाही, त्याला हे काम जमायचं नाही. घर म्हातारं कसं होतं, याचा इतका बारकाईनं अभ्यास घर बांधणाराही करत नाही.

जुनं आर्गोस्तोली कुण्या एकाचं नव्हतंच. व्हेनिसनंतर फ्रेंच, रशियन, पुन्हा फ्रेंच आणि मग इंग्रज इथे आले. खाडीवरचा लांबलचक पूल शार्ल-फिलिप द बोसे या स्विस इंजिनिअरनं इंग्रजांच्या नोकरीत असताना १८१३ साली बांधला. आधी लाकडी होता, नंतर दगडी झाला. १८२२ पासून बेटाचा कारभार चार्ल्स नेपियर पाहत होता. रस्ते आणि बंदरावरचा दीपस्तंभ त्याच्या काळातले. हाच नेपियर पुढे मुंबई इलाख्याच्या फौजेत आला आणि १८४३ मध्ये त्यानं सिंध घेतला. तो सिंध नंतर १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच राहिला. गोल खांबांचा तो सुबक दीपस्तंभ बघायला आज पर्यटक आवर्जून जातात. पण तोही १९५३ मध्ये पडला होता. आज दिसतो तो १९६० साली मूळ आराखड्याबरहुकूम पुन्हा बांधलेला आहे. त्याला कुणी सेट म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

मग सामीतल्या त्या सज्जांचं काय? चित्रीकरण संपलं आणि सेट मोडला. बंदरावर आज कोरेलीच्या नावाचं कॅफे आहे, बाकी मागमूस नाही. तो सेट ठेवायला हवा होता, असं पटकन वाटून जातं. पण प्लायवूड समुद्राच्या खाऱ्या हवेत किती टिकणार? शिवाय त्याच्या मागे जे झाकलं गेलं होतं, त्याकडेही नीट बघायला हवं. २६ जानेवारी आणि ३ फेब्रुवारी २०१४ ला केफालोनियाला पुन्हा सहाच्या आसपास तीव्रतेचे दोन धक्के बसले. बेटावरच्या लिक्सुरी गावाचं बंदर फाटलं, पण १९५३ सारखी पडझड झाली नाही, मोठी जीवितहानीही झाली नाही. भूकंपाचा विचार करून बांधलेल्या त्या रूक्ष काँक्रीटनं माणसं वाचवली. कॅमेऱ्याला जे नकोसं होतं, त्याचे बेटावर फार मोठे उपकार आहेत.

सौंदर्य आणि सुरक्षितता यांचं वाकडंच असतं, असंही नाही. उत्तरेला लेफ्काडा नावाचं बेट आहे. तिथल्या जुन्या घरांत तळमजल्याची भिंत दगडी, पण तिच्या आत लाकडी खांबांची वेगळी चौकट उभी असते. धक्क्यानं दगडी भिंत ढासळली तरी वरचा लाकडी मजला त्या खांबांवर तोलून राहतो. भिंत मग सावकाश पुन्हा रचता येते. वजन हलकं म्हणून धक्क्याचा जोरही कमी लागतो. सामीत परांचीवर चढणाऱ्या सुतारांच्या हातात साधारण तशीच सामग्री होती, लाकडाची चौकट आणि वर हलकं आवरण. केफालोनियाच्या दगडी वाड्यांत अशी चौकट असती, तर १९५३ चा इतिहास थोडा तरी वेगळा झाला असता असं मानायला जागा आहे.

ग्रीक बेटांवर सेट येतात आणि जातात. 'मम्मा मिया!'साठी स्कोपेलोसच्या कास्तानी किनाऱ्यावर बांधलेला धक्का आणि बार नंतर काढून टाकला गेला. त्या चित्रपटातल्या हॉटेलचं अंगण तर इंग्लंडमधल्या पाइनवूड स्टुडिओत होतं. क्रीटमधल्या स्टाव्रोसला 'झोर्बा द ग्रीक'चं चित्रीकरण झालं. त्याचे छायालेखक वॉल्टर लॅसली पुढे तिथेच राहायला गेले आणि त्यांचं ऑस्कर तिथल्या एका खानावळीत मांडलेलं असे. २०१२ साली खानावळीला आग लागली, त्यात तेही गेलं. पण स्कोपेलोसला किंवा स्टाव्रोसला चित्रपटानं जे रचलं ते कल्पनेतलं होतं. सामीत जे रचलं गेलं त्याला मूळ होतं आणि ते मूळ पाहिलेली माणसं हयात होती.

चित्रपट म्हणून 'कोरेली' फारसा जमलेला नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये याच बेटावर जर्मनांनी इटलीच्या अक्वी डिव्हिजनच्या हजारो सैनिकांना मारलं, ती भीषण घटना त्याला पुरती पेलत नाही. तरीही तो एकदा वेगळ्या कारणासाठी बघावा. आर्गोस्तोलीच्या कोर्जियालेनिओ संग्रहालयात भूकंपापूर्वीच्या शहराची छायाचित्रं आहेत. जमलं तर आधी ती बघावीत आणि मग चित्रपट लावावा. निकोलस केज आणि पेनेलोपी क्रूझ बोलत असताना नजर त्यांच्या मागच्या भिंतींवर, झडपांवर, सज्जांवर ठेवावी. क्ले आणि त्यांच्या सुतारांना कुठे नेमकं साधलं आणि कुठे कॅमेऱ्याच्या सोयीसाठी थोडं सरकवावं लागलं, हे मग ज्याचं त्याला ताडून बघता येईल.