कडेला माणूस उभा करू नका

सोनीची ११ मिमी एफ/१.८ लेन्स घेतली तेव्हा माझा हिशेब सरळ होता: लेन्स जितकी रुंद, तितकं फोटोत जास्त मावणार. २०२२ साली बाजारात आलेली ही लेन्स वजनाला जेमतेम १८१ ग्रॅम. क्रॉप सेन्सरमुळे दीडने गुणायचं, म्हणजे फुल-फ्रेमच्या साडेसोळा मिमीइतकी रुंदी. शिरूर-दौंडच्या मोकळ्या मुलखाला यापेक्षा वेगळं काय हवं, असं वाटलं. तो हिशेब पुरता चुकला.

आधी कुकडीचे रांजणखळगे. पात्राच्या अलीकडे शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, पलीकडे पारनेरचं निघोज. पाण्याबरोबर गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी काळ्या कातळात कोरलेले हे खळगे मी काठावर उभा राहून टिपले. घरी येऊन बघतो तर अर्ध्याहून जास्त आभाळ आणि खाली काळी ठिगळं. खोली कुठेच नाही. वर पोलरायझर लावण्याची हौस. एवढ्या रुंद कोनात आभाळाचा निळा रंग सगळीकडे सारखा गडद होत नाही, त्यामुळे मधोमध गडद डाग पडला होता.

पुढच्या खेपेला खळग्याच्या तोंडाशी उकिडवा बसलो, कॅमेरा कातळापासून हातभर अंतरावर धरला, एफ/८ ठेवून पाऊण मीटरवर फोकस केला. त्यात साधारण चाळीस सेंटिमीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. खळग्याची गोल धार, आतले वळसे, मागचं पात्र, सगळं जागच्या जागी बसलं. पण नवी चूक झालीच. स्क्रीनवर कडा बरीच लांब दिसत होती म्हणून बेधडक पाय पुढे टाकला, तर ती बुटाच्या टोकाशीच होती. सोबतच्या मित्राने दंड धरला म्हणून वाचलो. ही लेन्स अंतर फुगवून दाखवते. कातळावर चालताना डोळे स्क्रीनवर नकोत.

सगळ्यात लाज वाटली ती दौंड तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर. केडगाव-पारगावच्या पट्ट्यात गुऱ्हाळांना तोटा नाही. आत अंधार, चुलवाणाचा जाळ, काहिलीतून उठणारी वाफ आणि फावड्याने पाक हलवणारा गुळव्या. काहिलीच्या जवळ गेलो की काच धुरकट व्हायची, आणि ती मी शर्टाच्या टोकाने पुसायचो. चिकट वाफ त्या काचेवर आणखीच पसरली. शेवटी सगळ्यांना ओळीने उभं करून फोटो काढला, मोठा करून फ्रेममध्ये बसवून नेऊन दिला. मालकांच्या आत्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला, म्हणाल्या, "काय रं बाळा, माझं तोंड असं भोपळ्यावानी कधी झालं?"

दोष आत्यांचा नव्हता, लेन्सचाही नव्हता. सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या लेन्समध्ये कडेच्या गोल वस्तू बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात. ११ मिमीला चौकटीची डावी-उजवी कड मध्यापासून सुमारे ४७ अंशांवर असते, आणि तिथे डोकं उंचीच्या जवळजवळ दीडपट रुंद उमटतं. गुळाच्या ढेपा कडेला ठेवून माणसं मधे घेतली असती, तर काही बिघडलं नसतं. तो फोटो मी परत मागून घेतला आणि साध्या १८-५५ च्या ३५ मिमीवर नवा काढून दिला.

ही लेन्स घ्यायचीच असेल तर ती जास्त मावावं म्हणून घेऊ नका, जवळ जाण्यासाठी घ्या. पुढे दाखवण्याजोगी एक वस्तू हवी, आभाळ बेताचं हवं, काच पुसायला स्वच्छ कापड हवं. आणि घरच्यांचा, गावकऱ्यांचा ग्रुप फोटो असेल त्या दिवशी ती बॅगेतच राहू द्या.